ज्ञानातील वाटा : महाराजा सयाजीराव गायकवाड आणि गावोगावची ग्रंथालये

माणूस या जगातून गेला की त्याच्या कर्मांची वही मिटते. मात्र वाहता दानधर्म, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी सदाचारी संतती या तीन गोष्टींचा लाभ त्याला पुढेही पोहोचत राहतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ज्या एका ठिकाणी एकत्र येतात, ते ठिकाण म्हणजे ग्रंथालय. त्यात दान असते आणि ज्ञानही असते, आणि देणारा निघून गेल्यावरही कपाटातले पुस्तक वाचकाच्या हाती पडतच राहते. म्हणून ग्रंथालये उभारणाऱ्या माणसाचे चरित्र, तो कोणत्याही समाजातला असो, आपण लक्षपूर्वक वाचावे. शहाणपण जिथे सापडेल तिथून ते उचलावे, हा आपल्या पूर्वसूरींचा संस्कारच आहे.

असा एक माणूस आपल्या नाशिक जिल्ह्याच्या मातीतून उगवला. जिल्ह्याच्या उत्तर भागात सातमाळा डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या दक्षिण पायथ्याशी वणी हे बाजारपेठेचे गाव आहे, तर पूर्वेकडे, चांदवड ओलांडल्यावर, मालेगाव तालुका लागतो. याच मालेगाव तालुक्यातील कवळाणे या लहानशा खेड्यात १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. पुढे बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) म्हणून त्यांना सारे जग ओळखू लागले. भारतात सार्वजनिक ग्रंथालयांची पहिली राज्यव्यापी व्यवस्था उभी करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

अक्षराशी उशिरा झालेली भेट

गोपाळरावांचे वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. राजघराण्याचे आडनाव होते, पण घरात राजवैभव नव्हते. शेती आणि गुरेढोरे यांवर संसार चालत होता. मुलांच्या शिक्षणाची काही सोय नव्हती, आणि अशी सोय असावी असे त्या काळी कोणाला फारसे वाटतही नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गोपाळरावांनी अक्षर गिरवले नव्हते.

इकडे बडोद्यात मोठी उलथापालथ चालली होती. महाराजा खंडेराव १८७० साली निधन पावले. त्यांच्यानंतर गादीवर आलेले त्यांचे बंधू मल्हारराव यांना इंग्रज सरकारने १८७५ च्या एप्रिलमध्ये पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि घराण्यातील योग्य मुलाचा शोध सुरू झाला. काशीराव आपली मुले घेऊन बडोद्यास गेले. कशासाठी आलात असे मुलांना विचारण्यात आले, तेव्हा गोपाळरावांनी आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत असे निर्भयपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळरावांचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले.

त्यानंतरची सहा वर्षे हा मुलगा केवळ विद्यार्थी होता. इंग्रज शिक्षक इलियट यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. राज्यकारभार कसा चालतो, याचे पाठ दिवाण राजा सर टी. माधवराव यांच्याकडून मिळाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा त्याला जवळजवळ एकाच वेळी शिकाव्या लागल्या. ज्या वयात इतर राजपुत्र शिकार आणि घोडदौड यांत रमत, त्या वयात तो धुळाक्षरांपासून सुरुवात करीत होता. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा सयाजीराव अठरा वर्षांचे होते.

उशिरा भेटलेल्या अक्षराची किंमत त्यांना पुरती कळली होती. ज्याला पुस्तक वारशाने मिळते त्याला ते घरातल्या भांड्यासारखे नित्याचे वाटू लागते. ज्याला ते बाराव्या वर्षी कष्टाने मिळाले, तो ते न मिळालेल्यांना विसरू शकत नाही. त्यांच्या पुढील साठ वर्षांच्या कारभारातील अनेक गोष्टींचा उलगडा या एका अनुभवातून होतो.

मोत्यांचा गालिचा आणि पुस्तकांच्या पेट्या

ज्या गादीवर सयाजीराव बसले, तिच्या औदार्याची परंपरा मोठी होती. त्यांचे दत्तक पिता खंडेराव यांनी मोत्यांनी मढवलेला एक अपूर्व गालिचा तयार करवून घेतला होता. मदीना येथील प्रेषितांच्या (स.) रौजा-ए-मुबारकसाठी तो भेट म्हणून पाठवण्याचा त्यांचा मानस होता, असे सांगितले जाते. त्यांच्या निधनामुळे तो मदीनेला गेलाच नाही. पुढे हा गालिचा राजघराण्याच्या जडजवाहिरात राहिला आणि २००९ साली दोहा येथे लिलावात विकला गेला.

गालिच्यामागची श्रद्धा वंदनीयच म्हटली पाहिजे. परंतु मौल्यवान वस्तूचे दान तिच्या वाटेवर कुठेही अडकू शकते, एका मृत्यूने ते थांबू शकते आणि शेवटी बाजारातही उभे राहू शकते. सयाजीरावांनी औदार्याचा हा वारसा घेतला, पण त्याची दिशा बदलली. त्यांचे दान लाकडी पेट्यांतून, पुस्तकांच्या रूपाने, खेड्यापाड्यांत गेले. देणाऱ्याच्या लहरीवर किंवा आयुष्यावर ते अवलंबून राहू नये, अशी नियमांची चौकट त्यांनी त्याभोवती उभी केली. त्यांच्या कार्याचे खरे मर्म या चौकटीत आहे.

आधी शाळा

ग्रंथालयाचा विचार त्यांनी शिक्षणापासून तोडून केला नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. त्याचा अनुभव पाहून १९०६ साली ही योजना साऱ्या संस्थानाला लागू करण्यात आली. त्या वेळी इंग्रजी मुलखात अशी सक्ती कुठेच नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक मंजूर झाले नाही.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सयाजीरावांनी कारभाराच्या पहिल्याच वर्षांत शाळा उघडल्या. पण त्या मुलांना शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात. अशा वेळी पुढे आलेल्यांत मुसलमान शिक्षक होते, तसेच आर्य समाजाचे कार्यकर्तेही होते. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान आपल्यालाच फारसे ठाऊक नाही. ज्या मुलाची सावली इतरांना नकोशी होती, त्याच्या पाटीवर अक्षर काढून देणाऱ्या त्या शिक्षकांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना खंडणी देणे शक्य नव्हते आणि लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतील प्रत्येकी दहा मुलांना शिकवावे व मोकळे व्हावे, ही तडजोड ज्या इतिहासात नोंदली गेली आहे, त्याच्या वारसांना हे काम परके वाटले नाही, यात नवल नाही.

वणीच्या वाचकाला आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. वणीहून उत्तरेकडे जाणारा रस्ता सापुताऱ्याच्या घाटाने डांगच्या जंगलात उतरतो. त्या जंगलापलीकडे सोनगड आणि व्यारा हे बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतातील तालुके होते. आदिवासी मुलांसाठी सोनगड येथे सयाजीरावांनी वसतिगृहासह शाळा काढली, तीही एकोणिसाव्या शतकातच. डोंगराच्या एका बाजूला आदिवासी मूल राजाच्या खर्चाने शिकत होते, तर दुसऱ्या बाजूला, इंग्रजी अमलात, तशाच मुलाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

मग ग्रंथालये

शाळा वाढल्या, तेव्हा एक नवी अडचण पुढे आली. चार-पाच वर्षे शाळेत जाऊन मूल वाचायला शिकते. पण शाळा सुटल्यावर त्याच्या गावात वाचण्यासारखे काहीच नसेल, तर दहा वर्षांत ते पुन्हा निरक्षर होते. पाणी न मिळालेल्या रोपासारखी ती विद्या सुकून जाते. शिक्षणावर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर प्रत्येक गावात पुस्तक पोहोचले पाहिजे, हे सयाजीरावांच्या ध्यानात आले.

त्या काळी महाराष्ट्रात ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकला १८४० साली, पुण्यात १८४८ साली आणि कोल्हापुरात १८५० साली सार्वजनिक वाचनालये स्थापन झाली होती. मुंबईत तर धनिकांच्या देणग्यांतून ग्रंथालयांसाठी भव्य इमारती उभ्या राहिल्या. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून त्यांच्या नावाचे वाचनालय झाले. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा यांसाठी एकूण चार लाख रुपये दिले. ही दाने मोठीच होती. पण त्यांचा लाभ शहरातील शिकलेल्या, वर्गणी भरू शकणाऱ्या माणसांपुरता राहिला. खेड्यातील कुणबी, विणकर, कातकरी त्या दारापर्यंत पोहोचत नव्हते.

सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात निराळे दृश्य पाहिले. तिथे गावागावांत विनाशुल्क ग्रंथालये होती आणि सामान्य माणसे त्यांत जाऊन वाचत बसत. पोलादाच्या धंद्यात अमाप संपत्ती मिळवलेले अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयांसाठी इमारती बांधून देत होते. जगभरात अशा अडीच हजारांहून अधिक इमारती त्यांच्या पैशातून झाल्या. पण त्यांची एक अट असे. जागा त्या गावाने द्यायची आणि ग्रंथालय चालवण्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम गावानेच स्वतःवर कर बसवून उभी करायची. जे गाव आपला वाटा उचलायला तयार नाही, त्याला इमारत मिळत नसे.

१९१० साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते त्यांच्या हाती सोपवले. राजवाड्यातील स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. राजाची पुस्तके प्रजेच्या हाती गेली आणि त्यांसाठी कोणतीही फी ठेवली नाही. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. १९१२ पासून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. बॉर्डन १९१३ साली परतले. पण तोवर घडी बसली होती. ज. स. कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त आणि मोतीभाई अमीन यांनी ते काम पुढे नेले. यांपैकी मोतीभाई हे शिक्षक होते आणि सरकारी योजना येण्याआधीपासून मित्रमंडळाच्या द्वारे गुजरातच्या खेड्यांत वाचनालये काढीत होते. लोकांमध्ये आधीच काम करणारा माणूस हेरून त्याला सरकारी व्यवस्थेत मानाचे स्थान देणे, हीसुद्धा राज्यकर्त्याची दृष्टीच म्हणावी लागेल.

तीन वाटे

या योजनेचा कणा म्हणजे अनुदानाचा नियम. गावाने ग्रंथालयासाठी वर्षाला जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने द्यावी. खेड्यासाठी या वाट्याची वार्षिक मर्यादा शंभर रुपये होती, कसब्याच्या गावासाठी तीनशे आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी सातशे. ग्रंथालयाची इमारत बांधायची असली, तरीही हेच तत्त्व लागू होते. एक तृतीयांश गावाचा वाटा आल्याशिवाय पुढचे दोन वाटे हलत नसत.

वरवर पाहता हा हिशेबाचा साधा नियम आहे. पण त्यात मानवी स्वभावाची खोल जाण दडली आहे. फुकट आलेली वस्तू माणूस सहज टाकून देतो, आणि पूर्णपणे स्वतःच्या बळावर उभे राहा असे गरिबाला सांगणे म्हणजे त्याला नकार देणेच होय. सयाजीरावांनी या दोहोंमधली वाट काढली. गावातील शेतकऱ्याने चार आणे दिले की ते ग्रंथालय त्याचे होत असे. मग कपाटाला वाळवी लागली तर त्याला ती दिसे, आणि वाचनालय बंद राहिले तर तो जाब विचारी. दान घेणाऱ्याचा हात खाली न राहता देणाऱ्याच्या हाताशेजारी आला.

ज्या गावांना एवढेही जमत नव्हते, त्यांच्यासाठी फिरती ग्रंथालये होती. निवडक पुस्तके भरलेल्या मजबूत लाकडी पेट्या मध्यवर्ती ग्रंथालयातून खेड्यांकडे जात आणि वाचून झाल्यावर परत येत. त्यासाठी वाचकांकडून काहीही घेतले जात नसे, वाहतुकीचा खर्चही खातेच सोसत असे. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रे दाखवून माहिती सांगण्याचे कार्यक्रम गावोगाव होत. महाराजांच्या हयातीतच संस्थानातील ग्रंथालयांची संख्या हजारावर गेली. बडोद्यातील मांडवी भागात मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत १९३१ साली झाली. तिच्यातील पोलादी कपाटे आणि काचेची जमीन आजही पाहायला मिळते. पुस्तकांना आगीपासून जपावे आणि खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा, यासाठी ती रचना होती.

वाचकांसाठी पुस्तके हवीत, तर ती त्यांच्या भाषेत असली पाहिजेत. त्यासाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. मूळ रक्कम राखून तिच्या उत्पन्नातून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला प्रसिद्ध होत राहिल्या. विद्वानांसाठी १९१६ पासून गायकवाड प्राच्यग्रंथमाला निघाली आणि हस्तलिखितांच्या संशोधनासाठी १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले. या मालेत संस्कृत ग्रंथ प्रामुख्याने असले, तरी अली मुहम्मद खान यांनी फारसीत लिहिलेला गुजरातचा इतिहास मिरात-ए-अहमदी हाही बडोदा महाविद्यालयातील फारसीचे प्राध्यापक सय्यद नवाब अली यांनी संपादित केला आणि तो याच मालेत प्रसिद्ध झाला. गुजरातमधील मुस्लिम सुलतानांचा, सूफींचा, शहरांचा आणि महसुलाचा तो अमोल दस्तऐवज एका मराठी राजाच्या आश्रयाने विद्वानांच्या हाती आला. त्यांच्या कारभारात मुसलमान गुणवंतांना जागा होती. अब्बास तय्यबजी बडोद्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि उस्ताद मौलाबख्श यांच्या हाती महाराजांनी १८८६ साली संगीतशाळा सोपवली होती.

वक्फशी नाते

मूळ धन अबाधित ठेवावे आणि त्याचे उत्पन्न लोकांच्या हितासाठी कायम वाहते ठेवावे, ही कल्पना मुसलमान वाचकाला नवी नाही. वक्फ म्हणजे हेच. फातिमा अल-फिहरी या स्त्रीने आपल्या वारशाच्या पैशातून ९व्या शतकात फेज शहरात करवीन मशीद उभारली, तिच्या आश्रयाने विद्यापीठ आणि ग्रंथालय वाढले. बगदादच्या मुस्तनसिरिया मदरशाचे ग्रंथालय वक्फवर चालत होते. आपल्या मराठीच्या सीमेवरील बीदर शहरात बहामनी वजीर ख्वाजा महमूद गवान यांनी १४७२ साली मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाते. पाटण्यात खुदाबख्श खान यांनी वडिलांनी सुरू केलेला आणि स्वतः आयुष्यभर वाढवलेला हस्तलिखितांचा संग्रह १८९१ साली जनतेसाठी खुला केला.

या उदाहरणांत आणि बडोद्याच्या योजनेत एक फरक आहे. वक्फ करणारा आपल्या मालमत्तेचा हक्क सोडतो आणि ती अल्लाहच्या नावाने लोकहितासाठी बांधून देतो. सयाजीरावांनी दिलेला बहुतेक पैसा राज्याच्या तिजोरीतला होता, म्हणजे शेवटी तो शेतसारा भरणाऱ्या रयतेचाच होता. म्हणून त्यांचे काम दानापेक्षा अमानत परत करण्याच्या जवळ जाते. सत्ताधाऱ्याच्या हाती असलेला पैसा ही लोकांची ठेव आहे, ही जाणीव राजवाड्यात क्वचित दिसते. सयाजीरावांचा राजवाडाही भव्य होता आणि त्यांची परदेशांतील वास्तव्येही लांबलचक व खर्चिक होती. पण तिजोरीचा मोठा वाटा शाळा आणि ग्रंथालये यांच्या दिशेने वळवणारे राजे त्या काळात मोजकेच होते.

जिथे राजाज्ञा पोहोचली नाही

या चरित्रातील एक प्रसंग मनाला बोचतो. सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाचे दार आणि त्याच्या ग्रंथालयाचे वैभव त्या तरुणाला खुले झाले. करारानुसार १९१७ साली ते बडोद्यात नोकरीसाठी आले, तेव्हा या विद्वानाला राहायला कोणी जागा देईना. कचेरीतील शिपाईही कागद दुरून टाकीत. अखेर त्यांना बडोदा सोडावे लागले.

राजाने ग्रंथालयाचे दार उघडले होते, समाजाने घराचे दार बंद ठेवले. पुस्तक वाचल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे या प्रसंगातून कठोरपणे दिसते. ज्ञानाबरोबर मनातील उच्च-नीच भाव गळून पडला नाही, तर ग्रंथांनी भरलेले शहरही निर्दय राहू शकते. आदमच्या साऱ्या लेकरांची बरोबरी ज्यांना मान्य आहे, त्यांनीही आपल्या मोहल्ल्यात आणि आपल्या संस्थांत ती प्रत्यक्ष पाळली जाते की नाही, हे तपासत राहिले पाहिजे.

महाराजांचे खासगी जीवनही दुःखाने भरलेले होते. पहिली पत्नी तरुणपणी गेली, कर्त्या वयातील मुलगे एकामागून एक निधन पावले. प्रकृती त्यांना साथ देत नव्हती. तरीही काम थांबले नाही. राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त त्यांनी खेड्यांच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी दिला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कवळाण्यापर्यंत परतलेली वाट

ज्या कवळाण्यात सयाजीराव जन्मले, ते गाव त्यांच्या राज्यात नव्हते. वणी, दिंडोरी, कळवण, मालेगाव हा सारा मुलूख इंग्रजी अमलात होता. बडोद्याच्या खेड्यातील शेतकऱ्याला जे ग्रंथालय मिळाले, ते महाराजांच्या स्वतःच्या बालमित्रांच्या मुलांना मिळाले नाही. ही वाट परत यायला बराच काळ लागला.

महाराजांच्या निधनाच्याच वर्षी, १९३९ मध्ये, मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या विकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आसफ अली असगर फैजी. इस्लामी कायद्याचे गाढे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव आपण जाणतो. राज्यापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी असावी आणि तिला सरकारने आर्थिक आधार द्यावा, अशी योजना या समितीने आखून दिली. त्या वाटेने पुढे जात १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. आज वणीसारख्या गावातील नोंदणीकृत वाचनालयाला सरकारी अनुदान मागता येते, त्यामागे कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाचा प्रयोग आहे आणि एका मुसलमान कायदेपंडिताचा अहवालही आहे.

पण अनुदान हा तीन वाट्यांपैकी एकच वाटा आहे, हे सयाजीरावांचे सूत्र आपण विसरून गेलो आहोत. सरकारचा पैसा उशिरा आला की वाचनालयाला कुलूप लागते, कारण गावाचा वाटा कधीच दिला गेलेला नसतो. ज्यात आपले चार आणे नाहीत, त्याच्या बंद दाराची आपल्याला खंत वाटत नाही.

आपल्या समाजापुरते पाहिले, तर साधन आपल्या हाताशी आहे. जकातीचे हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत आणि तो पैसा त्यांच्यापर्यंतच पोहोचला पाहिजे. पण सदका आणि वक्फ यांचा मार्ग खुला आहे. मशिदीच्या कोपऱ्यातील एका कपाटात मराठी आणि उर्दूतील चांगली पुस्तके असावीत. ते कपाट नमाजनंतर अर्धा तास उघडे राहावे. स्त्रियांना आणि मुलांनाही त्यातून पुस्तक नेता यावे. शेजारच्या बिगरमुस्लिम विद्यार्थ्याला तिथे संकोच वाटू नये. आणि मोहल्ल्यातील प्रत्येक घराचा त्यात लहानसा का होईना वाटा असावा. एखादा धनिक सारी पुस्तके एकट्याने देऊ करील, तर त्याला सयाजीरावांचा नियम सांगावा. एक वाटा त्याने द्यावा आणि उरलेला मोहल्ल्यासाठी सोडावा.

पहिल्या वह्यीची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली. ती आज्ञा मिळालेल्या उम्मतीला पुस्तकाचे महत्त्व दुसऱ्या कोणी पटवून द्यावे लागू नये. ज्या मुलाने बाराव्या वर्षी पहिले अक्षर गिरवले, त्याने हजार गावांत पुस्तके पोहोचवली. ज्यांच्या धर्माचा पहिला शब्दच वाचनाचा आहे, त्यांनी निदान आपल्या गल्लीतील एका मुलाच्या हाती एक पुस्तक द्यावे आणि ते वाचून परत आले की दुसरे द्यावे.